पहिली फेरी पोत्याला

मुलांनो, आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे एक लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी उभी असते. घरी पाहुणे आले की ते तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि पुढचं झाकण उघडायला लावतात. झाकण उघडलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. कारण आत इंजिनच नाही! आहे फक्त रेडिएटर, बॅटरी आणि स्टेपनी.

"अहो बाई, इंजिन कुठं गेलं?"

इंजिन आहे बसणाऱ्यांच्या पाठीमागे. सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या थोडं पुढे. अशा गाडीला 'मिड-इंजिन' गाडी म्हणतात, म्हणजे मधोमध इंजिन असलेली. आणि खरी गंमत पुढेच आहे. ही गाडी कोणत्याही कारखान्यातून आलेली नाही. आम्ही दोघा बहीणभावांनी जुन्या छोट्या गाडीचे भाग जोडून ती घरी बांधली आहे!

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझा दादा आय.टी.आय. झालेला मोटार मेकॅनिक आहे. आज तुम्हांला या गाडीची गोष्ट सांगायची आहे. त्यात माझी एक मोठी चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. बाईंची चूक म्हटल्यावर कान टवकारलेत ना? मला ठाऊक आहे!

आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, एक पांढरी मारुती ८०० होती. ही गाडी तुम्ही आता क्वचितच पाहत असाल, पण घरी आईबाबांना विचारा. १९८३ साली ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत कितीतरी घरांत आलेली पहिली गाडी तीच होती. इंजिन अगदी लहान, ७९६ सी.सी.चं, तीन सिलिंडरचं. अण्णांनी ती जुनी विकत घेतली आणि चौदा वर्षं वापरली. जत्रा, लग्नं, दवाखाना, माझं डी.एड.चं कॉलेज, सगळीकडे आम्ही तिच्यातूनच गेलो.

अण्णा गेले आणि गाडी अंगणात उभीच राहिली. दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा गंजून चाळण झाला. मागच्या सीटवर मांजरीनं पिल्लं घातली. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत भंगारवाला दारात आला, तेव्हा दादा म्हणाला, "इंजिन अजून झ्याक हाय. भंगारात घालायला मन होत न्हाई."

"मग काय करायचं?"

"नवी गाडी बांधू या. दोघं मिळून."

आई मात्र रागावली. "माणूस तर गेलंच. आता त्यांची गाडी पण कापणार?" दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दादानं तिला अंगणात नेऊन गंजलेला पत्रा दाखवला. नुसतं बोट लावलं तर आरपार गेलं. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काय करायचं ते करा. हॉर्न तेवढा तोच ठेवा."

झालं! आर.टी.ओ.त जाऊन अण्णांच्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द केली आणि आम्ही कामाला लागलो.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं खो-खो हसली. "बाई, घरी कुठं गाडी बनते का?" मग मी त्यांना एका बापलेकाची गोष्ट सांगितली. तीच तुम्हांलाही सांगते.

१९४६ साल. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. इंग्लंडमध्ये पेट्रोलसुद्धा मोजून मापून मिळत होतं. लंडनजवळच्या सर्बिटन गावात चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांचं गॅरेज होतं. दोघांनाही शर्यतीची हौस, पण मोठी गाडी परवडणार कशी? त्यांनी फियाट कंपनीच्या 'टोपोलिनो' नावाच्या छोट्या गाड्यांचे भाग मिळवले. टोपोलिनो हा इटालियन शब्द, अर्थ छोटा उंदीर! त्यांनी काय केलं, तर दोन उंदरांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले. इंजिन घेतलं ५०० सी.सी.च्या मोटारसायकलचं. मोटारसायकलच्या इंजिनाची ताकद साखळीनं मागच्या चाकाला मिळते. मग सरळ उपाय म्हणजे इंजिन मागच्या चाकांजवळ ठेवणं. म्हणून त्यांनी ते चालवणाऱ्याच्या पाठीमागे बसवलं.

त्या काळी शर्यतीच्या बहुतेक मोठ्या गाड्यांचं इंजिन पुढे असायचं. पण कूपरची छोटी गाडी वळणावर भलतीच चपळ निघाली. पुढे त्यांनी मोठ्या गाड्याही याच पद्धतीनं बांधल्या. १९५८ साली स्टर्लिंग मॉस यांनी अशी गाडी चालवून अर्जेंटिनातली मोठी शर्यत जिंकली. १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं जॅक ब्रॅबहॅम कूपर गाडीतून जगज्जेते झाले. त्यातल्या १९५९ च्या शेवटच्या शर्यतीत तर गंमतच झाली. अमेरिकेत सेब्रिंग इथे अंतिम रेषा जवळ आली आणि ब्रॅबहॅम यांच्या गाडीतलं पेट्रोल संपलं! ते खाली उतरले आणि गाडी ढकलत ढकलत रेषेपार घेऊन गेले. चौथा नंबर आला, पण जगज्जेतेपद मिळालं. पुढच्या काही वर्षांत शर्यतीच्या बाकीच्या गाड्यांचीही इंजिनं चालवणाऱ्याच्या मागे गेली.

१९५९ सालीच इंग्लंडमध्ये 'मिनी' नावाची छोटी गाडी आली. तिचं इंजिन आडवं आणि पुढे होतं. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं फिरवणारे दांडे हे सारं एकाच गाठोड्यात बांधलेलं. काही हौशी लोकांच्या लक्षात आलं, की हे गाठोडं जसंच्या तसं उचलून मागे ठेवलं तर मधोमध इंजिनाची गाडी आयती तयार होते! १९६७ च्या सुमारास 'जी.टी.एम.' नावाची अशी गाडी तिथे सुट्या भागांच्या रूपात मिळू लागली. लोक भाग घरी आणायचे आणि जुन्या मिनीचं इंजिन घालून अंगणात गाडी जोडायचे. अशा गाडीला 'किट कार' म्हणतात.

आणि आपल्याकडे? आमच्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीही चाळीसच्या दशकात स्वतःची छोटी गाडी तयार करायला घेतली होती. तिचं नाव 'मीरा' आणि तिचंही इंजिन मागे! तिचे त्यांनी एकामागून एक नमुने बनवले. ती कारखान्यातून विक्रीला कधी आली नाही, पण आमच्या भागातली जुनी माणसं अजून तिची आठवण काढतात.

आता तुम्ही विचाराल, इंजिन मध्ये घेतल्यानं असा काय फरक पडतो? एक प्रयोग करा. दोन हातांत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या घ्या. हात लांब पसरा आणि जागच्या जागी एकदम डावीकडे-उजवीकडे वळून बघा. मग बाटल्या छातीशी धरून तसंच वळा. दुसऱ्या वेळी सोपं जातं ना? वजन मध्याजवळ असलं की वळणं सोपं होतं. इंजिन हा गाडीतला सगळ्यात जड भाग. तो टोकाला न ठेवता मध्याकडे आणला की गाडी झटकन वळते.

झटकन वळते, हे शब्द लक्षात ठेवा हं. पुढे ते लागणार आहेत.

आम्ही आधी सांगाडा बांधला. त्याला लोखंडी चौकोनी पाइप वापरले. दादा वेल्डिंग करायचा, मी पाइप मोजून खुणा करायची आणि कानशीनं कडा घासायची. सांगाड्यात जिकडं तिकडं त्रिकोण का, ते तुम्हीही घरी पाहू शकता. गूल काढलेल्या आगकाड्या घ्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोड म्हणून वापरा. चौकोन करून एका कोपऱ्यावर दाबा, तो लगेच तिरका होईल. त्रिकोण दाबून पाहा, तो हलणार नाही.

सांगाडा झाल्यावर अण्णांच्या गाडीचं गाठोडं मागे बसवलं. त्याचं तोंड मात्र आधी होतं तिकडेच ठेवलं. ते उलटं केलं असतं तर आमची गाडी चार गिअरमध्ये मागे आणि एकाच गिअरमध्ये पुढे गेली असती!

आता पुढे वळणारी चाकं हवीत. ती आणायला आम्ही भंगाराच्या बाजारात गेलो आणि दुसऱ्या एका ८०० चा पुढचा भाग घेऊन आलो. म्हणजे बघा, कूपर बापलेकांसारखंच झालं. आमच्या गाडीला पुढेही पुढचीच चाकं आणि मागेही पुढचीच चाकं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर माझ्या चौथीच्या वर्गातली मुलं गाडी बघायला आली. त्यांत एक बारीकशी, दोन वेण्यांची मुलगी होती. नाव नाही सांगत, आपण तिला चिमणी म्हणू. बाकीची मुलं स्टेअरिंगसाठी भांडत होती आणि ही मागच्या चाकाजवळ उकिडवी बसून बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "पुढची चाकं वळणारी असतात ना?"

"हो."

"मग ही पण पुढचीच आहेत. आता मागची पण वळतील की!"

दादानं हातातला पाना खाली ठेवला. "शाब्बास गं पोरी! बरोबर वळतील. आणि मागची चाकं मनाला येईल तशी वळली तर गाडी सरळ जाईल का? म्हणून हे बघ, चाकाला वळवणारा जो हात असतो, तो या दांडीनं सांगाड्याला पक्का बांधून टाकायचा."

मुलांनो, खरं सांगते, हा प्रश्न मला सुचला नव्हता. मला चिमणीचा इतका अभिमान वाटला, की सगळ्यांसमोर मी बोलून गेले, "गाडी झाली की पहिली फेरी तुझी!"

टाळ्या पडल्या. दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो पुन्हा कामाला लागला.

त्यानंतर वर्षभर काम चाललं. रोज संध्याकाळी तासभर आणि सुट्टीत दिवसभर. अडचणी किती म्हणून सांगू! गिअरची दांडी आता उलट्या दिशेनं जोडावी लागली. पहिला गिअर टाकायला गेलं की दुसरा पडे आणि तिसरा टाकायला गेलं की चौथा! दादानं मध्ये टेकू असलेली एक पट्टी बसवली. जत्रेतल्या सी-सॉसारखी. एक टोक पुढे गेलं की दुसरं मागे येतं. तरफ, तरफ म्हणून आपण शाळेत शिकतो ना, ती हीच.

मग पाण्याची अडचण. इंजिन मागे, रेडिएटर पुढे. पाणी नेणाऱ्या लांब नळ्या खालून फिरवल्या. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा दहा मिनिटांत वाफ निघाली. नळीत हवा अडकली होती, त्यामुळे पाणी पुढे सरकत नव्हतं. गाडीचं नाक जॅकवर उचलून सगळ्यात वरच्या टोकातून हवा काढली, तेव्हा कुठे पाणी फिरू लागलं.

हळूहळू मीही कामात तरबेज झाले. निदान मला तसं वाटू लागलं! सीट आणि सीटचे पट्टे बसवण्याचं काम मी एकटीनं केलं. अण्णांच्या गाडीतलेच पट्टे, त्यांचेच बोल्ट. ड्रिलनं भोकं पाडली, बोल्ट आवळले, दोन्ही हातांनी ओढून बघितलं. एकदम घट्ट! दादाला दाखवलंसुद्धा नाही. म्हटलं, यात काय दाखवायचं?

अखेर २०२४ च्या एप्रिलमध्ये गाडी तयार झाली. मात्र ती रस्त्यावर न्यायची नाही, हे पहिल्यापासून ठरलं होतं. घरी बांधलेली गाडी अशीच रस्त्यावर आणता येत नाही. त्यासाठी सरकारमान्य संस्थेत तिच्या चाचण्या व्हाव्या लागतात आणि नंतर आर.टी.ओ.त नोंदणी. हा नियम असाच का, ते मला त्याच दिवशी कळणार होतं.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं गुऱ्हाळ आहे. हंगाम संपला की चिपाडं वाळत घालायचं त्याचं मोठं पटांगण मोकळं असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गाडी तिथे नेली. चिमणी तिच्या बाबांबरोबर आधीच येऊन थांबली होती. नवा फ्रॉक, वेण्यांना लाल रिबिनी. "गाडीचा रंग लाल आहे म्हणून," ती म्हणाली. आणखी सात-आठ मुलं होती. साऱ्या वाडीत तिनं सांगितलं होतं, पहिली फेरी माझी!

दादानं ट्रॉलीतून वाळूचं एक पोतं उतरवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पहिली फेरी याची."

"दादा, मी शब्द दिलाय तिला!"

"दिला असशील. मी दिलेला न्हाई."

मला राग आला. मुलांसमोर बाईंचा शब्द खाली पडायचा म्हणजे काय? मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, ब्रेक अण्णांच्याच गाडीचे आहेत. चौदा वर्षं चालवली आपण. कधी दगा दिला का? हळू चालव, झालं."

दादा शांतपणे म्हणाला, "ब्रेक कंपनीचा हाय, पण जागा आपण बदललीय. कंपनीनं तो ज्या जागेसाठी बनवला, तिथं त्यानं चौदा वर्षं काम केलं. इथं त्यानं एक दिवसबी काम केलेलं न्हाई. जागा बदलली की सगळं नव्यानं बघायला लागतंय."

मला हे पटलं नव्हतं. पण तो ऐकणार नाही हे कळलं, म्हणून मी चिमणीजवळ गेले. "आज नाही गं, नंतर," एवढंच म्हटलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या बाबांनी तिला जवळ घेतलं. मला दादाचा असा राग आला म्हणता!

दादानं पोतं शेजारच्या सीटवर ठेवून पट्ट्यानं बांधलं. सगळ्या मुलांना लांब, ट्रॅक्टरच्या मागे उभं केलं. स्वतः हेल्मेट घातलं. पटांगणात फक्कीची एक रेघ मारली होती. तिथे आल्यावर जोरात ब्रेक दाबायचा होता.

गाडी निघाली. काय सुरेख आवाज होता तो! मुलं ओरडत होती. वेग तीस-पस्तीसच असेल. गाडी रेघेवर आली आणि दादानं ब्रेक दाबला.

पुढे काय झालं ते कळायलाही वेळ लागला नाही. मागची चाकं एकदम जाम झाली. गाडीचं बूड बाजूला फिरलं आणि सगळी गाडी भोवऱ्यासारखी गरगर फिरली. एक पूर्ण गिरकी आणि वर अर्धी. धुळीचा लोट उठला. त्या धुळीतून काहीतरी उडून बाहेर पडलं आणि धप्पकन आपटलं.

धूळ खाली बसली. दादा आत सुखरूप होता. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. पोतं चार-पाच पावलांवर फुटून पडलं होतं आणि त्यातली वाळू पसरली होती.

कुणीच बोललं नाही. माझ्या हातात एक छोटासा हात होता. चिमणीनं कधी माझा हात धरला, मला कळलंच नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बाई, पोतं फुटलं."

माझे पाय लटपटत होते. तशीच मी गाडीजवळ गेले. पट्टा तुटला नव्हता. बोल्टही तुटला नव्हता. पातळ पत्र्यात मी बसवलेला तो बोल्ट पत्र्याचा तुकडा घेऊन उपटून आला होता. कारखान्यातल्या गाडीत या बोल्टाच्या जागी जाड, मजबूत पट्टी असते. ओढ बसली तर ती सगळ्या सांगाड्यानं सोसायची असते. मी मात्र दिसली तिथे भोक पाडलं होतं. पट्टा कंपनीचा, बोल्ट कंपनीचा, जागा माझी.

दादा काही म्हणाला नाही. रागावलाही नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

मी मुलांकडे परत आले. वाटलं, म्हणावं, पट्टा जुना होता. कुणाला काय कळणार होतं? पण समोर चौथीचा वर्ग होता. रोज मी त्यांना म्हणायची, गणित झालं की ताळा करून बघा, ताळा केल्याशिवाय वही दाखवू नका. मी चिमणीसमोर आणि तिच्या बाबांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, "तो बोल्ट मी बसवला होता. चुकीच्या जागी बसवला. दादाला दाखवला नाही. आणि न तपासता तुला आत बसवायला निघाले होते. माझं चुकलं."

तिचे बाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई, पोतं बसवलं होतं तुम्ही. तेवढं पुरे."

पण पोतं मी नव्हतं बसवलं, मुलांनो. दादानं बसवलं होतं.

घरी आल्यावर दादानं मला ब्रेकचं गणित समजावलं. धावणारी गाडी थांबवली की वजन पुढे झुकतं. एस.टी.नं ब्रेक मारला की आपण पुढे जातो, तसंच. मागची चाकं त्या वेळी हलकी होतात. हलक्या चाकाला तेवढाच जोराचा ब्रेक लागला तर ते फिरायचं थांबतं आणि घसरतं. घसरणारं चाक गाडीला सरळ धरून ठेवू शकत नाही. आमच्या गाडीला तर चारही चाकांना पुढचेच जोरदार ब्रेक होते! त्यात मधोमध इंजिनाची गाडी. झटकन वळते तशीच झटकन गरगरतेही. जो गुण, तोच सांभाळला नाही तर अवगुण.

मग दादानं मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला. पट्ट्यांसाठी जाड पट्ट्या सांगाड्याला वेल्ड केल्या. या वेळी भोकं मीच पाडली, पण प्रत्येक भोक त्याला दाखवून. पोतंही नवं शिवलं.

मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा त्याच पटांगणात चाचण्या केल्या. आधी चालण्याच्या वेगानं, मग सायकलच्या, मग तीसच्या. चिमणी दर वेळी तिच्या बाबांबरोबर हजर! ट्रॅक्टरच्या मागे बसून तिनं वहीत रकाने आखले होते : वेग, किती पावलांत थांबली, सरळ थांबली की वाकडी. गाडी थांबून इंजिन बंद झालं की ती बाबांना घेऊन टेप लावायला यायची. पहिल्या पानावर 'वाकडी' हा शब्द पाच वेळा आहे. दादा दर वेळी व्हॉल्व्ह थोडा फिरवायचा. दुसऱ्या पानावर 'वाकडी' एकदाच आहे. तिसऱ्या पानावर सगळीकडे 'सरळ'. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी दादा म्हणाला, "आता बसव तिला." मी तिच्या आईबाबांना विचारलं. ते दोघेही आले. आमची आईही आली होती. दादानं हेल्मेट पुढे केलं. आता ही टुणकन उडी मारून बसेल असं मला वाटलं. पण ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"बाई, नव्या पट्ट्यात पोतं बसवून झालं?"

"झालं की! तूच तर लिहिलंस."

"आज नाही बसवलं. आधी पोतं, मग मी."

दादा इतक्या जोरात हसला, की गुऱ्हाळावरचे कावळे उडाले. मुकाट्यानं पोतं बसवलं, एक फेरी मारली, ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. चिमणीनं पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि मगच ती बसली. सायकलच्या वेगानं पटांगणाला दोन चकरा झाल्या. चालवणारा दादा, बसणारी चिमणी आणि रिबिनी लालच.

मग आई बसली. तिनं आधी स्टेअरिंगच्या मधोमध हात ठेवला आणि हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, तीनदा. अण्णा फाटकात आले की असेच तीनदा वाजवायचे.

दुसऱ्या चकरेला पटांगणाच्या पार टोकाला गाडी आचके देत बंद पडली. आमची छाती धडधडली. दादानं सगळं तपासलं आणि मग टाकीत डोकावला. पेट्रोल संपलं होतं!

"बाई, ढकलू या!" चिमणी आनंदानं ओरडली. "त्या ब्रॅबहॅमसारखं!"

आईला आतच बसवून आम्ही सगळ्यांनी गाडी ढकलत ट्रॉलीपर्यंत आणली. आई वाटभर हॉर्न वाजवत होती.

पेट्रोल घालायला कोण विसरलं होतं, ते मात्र मी सांगणार नाही हं!